छतातल्या चांदण्या

परवा रात्री जेवताना हॉलमधला छतातला एक दिवा आपोआप विझला. पंधरा मिनिटांनी पुन्हा लागला. असं आठवडाभर चाललं होतं. इलेक्ट्रिशियन आला, बल्ब बदलला, म्हणाला, "आता टेन्शन नाय." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी मेन स्विच बंद करून मीच स्टुलावर चढलो आणि दिवा खाली ओढला. ट्रान्सफॉर्मरजवळची वायर करपून तपकिरी झालेली, हात लावताच वरचं प्लास्टिक तुटून पडलं. वर घातलेला थर्माकोल वितळून मागे सरकलेला. आमचा मजला शेवटचा, म्हणून उन्हाळ्यासाठी तो घातलेला. आणि बरोबर त्याच्याखाली आईची दुपारी लवंडायची जागा!

म्हणजे दिवा बिघडला नव्हता हो. ट्रान्सफॉर्मर फार तापला की स्वतःला बंद करत होता, निवला की चालू होत होता. तो बिचारा ओरडून सांगत होता, आणि आम्ही बल्ब बदलत होतो.

मला राग आहे तो या 'चालतंय' वृत्तीचा. १२ हॅलोजन, प्रत्येकी ५० वॉट. ६०० वॉट झाले! लहानपणी ४० वॉटच्या एका ट्यूबखाली आम्ही तिघं भावंडं अभ्यास करायचो. हॅलोजनची बहुतेक वीज उष्णतेत जाते, आणि त्यातली बरीचशी मागे, छताच्या पोकळीत. ती पोकळी आपणच थर्माकोलने बंद करायची, वर पीओपी करून झाकायची आणि म्हणायचं, काय सुंदर दिसतं!

"एलईडी लाव, तापत नाही," असं कुणीतरी म्हणेलच. कमी तापतो, पण तापतो. त्याची उष्णता मागच्या बाजूने निघते. तिथे हवा नसेल तर आधी ड्रायव्हर मरतो.

आता ७ वॉटचे ६ एलईडी लावलेत, करपलेली वायर बदलून घेतली, थर्माकोल सगळा काढला, ड्रायव्हर दिव्यावर न ठेवता बाजूला ठेवलेत. हॉल थोडा अंधारा वाटतो खरा. आई म्हणते, "बरंय, डोळ्यावर येत नाही."

दादा-वहिनी, तुमच्या नव्या फ्लॅटचं पीओपी सुरू होतंय ना? डिझाइन नंतर बघा. आधी विचारा, दिव्याच्या वर काय घालणार आहात? उत्तर 'चालतंय' असं आलं, तर माणूस बदला. बल्ब नव्हे.