सायकल सहलीचा शेवटचा दिवस



बीड, अंबाजोगाई, माजलगाव या परिसरातील कित्येक घरांतील मुले आज युरोपात स्थिरावली आहेत. त्यांच्याकडे जाणारे आई-वडील आता केवळ नातवंडे सांभाळून परतत नाहीत. कुणी नेदरलँड्समधील सपाट वाटांवर सायकल चालवितात, तर कुणी डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंतचा तीनशे किलोमीटरहून अधिक मार्ग आठवडाभरात, टप्प्याटप्प्याने पुरा करतात. साठीनंतरचा हा उत्साह स्वागतार्हच आहे. सायकलवर शरीराचा बराचसा भार आसन पेलते, त्यामुळे गुडघ्यांनाही हा व्यायाम सहसा मानवतो.

अशा सहलीची पूर्वतयारी सारेच करतात. शेवटच्या दिवसाचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः वैद्यकीय दृष्टीने तोच दिवस नाजूक असतो. आठवडाभर सतत हललेले पाय त्या दिवशी एकाएकी थांबतात आणि मग तासन्‌तास दुमडलेलेच राहतात. युरोपातून मुंबईपर्यंतचा विमानप्रवास आठ-नऊ तासांचा. बीडकरांचा प्रवास तेथेही संपत नाही. पुढे मोटारीने सुमारे चारशे किलोमीटर यावयाचे असते. म्हणजे चोवीस तासांतील बहुतेक वेळ बसूनच जातो.

चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात नमूद आहे. निरोगी माणसात हे प्रमाण अल्पच, सुमारे ६,००० प्रवाशांत एक. परंतु वाढते वय, स्थूलपणा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी होऊन गेलेली गुठळी यांमुळे ते वाढते. मोटारीतील बैठकही यातून सुटत नाही.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक लक्षात घ्यावी. सायकल चालविल्यावर पोटऱ्या दुखणारच, असे आपण गृहीत धरतो. घरी परतल्यावर कोमट तेलाने पाय रगडून घेण्याची आपल्याकडील रीतही जुनीच. स्नायूंचा थकवा बहुधा दोन्ही पायांत असतो, दाबल्यावर बोथट दुखतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. याउलट एकाच पायाला सूज येणे, तो भाग गरम वा लालसर होणे आणि दुखणे दिवसेंदिवस वाढणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. अशा पायाला मालिश मुळीच करू नये. गुठळी सुटून फुफ्फुसात अडकू शकते. अकस्मात धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. ही लक्षणे प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांनीही उद्भवू शकतात. म्हणून डॉक्टरांना आपल्या प्रवासाविषयी आवर्जून सांगावे.

मग शेवटचा दिवस कसा घालवावा? ‘आजचाच दिवस उरला’ म्हणून मोठा पल्ला गाठण्याचा मोह टाळावा. सकाळी तासाभराची संथ फेरी पुरेशी आहे. थांबण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे गती हळूहळू कमी करावी. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना एकदम थांबल्यास भोवळ येऊ शकते. थंड हवेत तहान जाणवत नाही, वयपरत्वे ती आणखी मंदावते; म्हणून थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.

मधुमेही व्यक्तींनी एक ध्यानात ठेवावे. श्रमांनंतर साखर त्याच रात्री, क्वचित चोवीस तासांपर्यंतही उतरू शकते. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याची शक्यता असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. मध्य युरोपाच्या तुलनेत आपले घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. मात्रांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

सायकलवरून पडून डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बाहेरून जखम दिसत नसली तरी तपासणीवाचून विमानात बसू नये.

प्रवासात दर तासाला घोटे फिरवावेत, शक्य तेव्हा उठून चालावे. झोपेची गोळी टाळावी, कारण तिच्या अमलाखाली पाय तासन्‌तास हलत नाहीत. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. धोका अधिक असणाऱ्यांनी विशिष्ट दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून वापरावेत; पायांचा रक्तपुरवठा कमी असल्यास ते अपायकारक ठरतात. आणायला येणाऱ्या मुलांनी, जावयांनी मोटार दर दीड-दोन तासांनी थांबवावी. शक्य झाल्यास मुंबईत वा पुण्यात एक रात्र मुक्काम करावा.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एकाने सायकल चालवावी आणि तेवढ्यात दुसऱ्याने विसावा घ्यावा, अशी त्यांची जोडी होती. एवढ्या कठीण शर्यतीतही विश्रांती नियोजनाचाच भाग होती, हे आपण विसरू नये.

एप्रिल-मेमध्ये परतणार असाल, तर बीडचे ऊन तुमची वाट पाहत असेल. गार हवेत काही आठवडे राहिल्यावर उन्हाची सवय मोडते. ती पुन्हा जडण्यास एक-दोन आठवडे लागतात. तोवर दुपारी घरातच राहावे, फिरणे सकाळी लवकर उरकावे आणि पहिले दोन आठवडे पोटऱ्यांकडे रोज एकदा लक्षपूर्वक पाहावे.