पूर ओसरला, पंचनामे झाले. पण कॉलेजातल्या पोरांचं काय?

पाथर्डी म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड हेच डोळ्यांसमोर येतं. २०१८ मध्ये राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या यादीत पाथर्डीचं नाव होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र याच तालुक्यात उलटं चित्र दिसलं. महिन्याच्या मध्यावर अतिवृष्टी झाली, ओढे-नद्यांनी पात्र सोडलं आणि करंजी, तिसगाव परिसरात पाणी थेट घरांत आणि दुकानांत शिरलं. हातातोंडाशी आलेलं पीक गेलं, कुठे जमिनीची मातीच वाहून गेली.

पुढे नेहमीप्रमाणे पंचनामे सुरू झाले. ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पीक, खरवडलेली जमीन, पडलेली घरं, दगावलेली जनावरं, गाळानं भरलेल्या विहिरी, सगळ्यांची मोजदाद झाली.

पण त्याच घरातली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला असेल, एक मुलगा नगरला बीएस्सी करत असेल, तर त्यांचं नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं? पंचनाम्यात तसा रकानाच नाही.

विद्यार्थ्यांना काहीच मिळत नाही का?

मिळतं. आपत्तीनंतर सरकार ज्या सवलती लागू करतं त्यात जमीन महसुलात सूट, शेती कर्जाच्या वसुलीला स्थगिती यांच्यासोबत शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफीही असते. २०२५ च्या अतिवृष्टीनंतरही ती जाहीर झाली. म्हणजे सवलतींची जी यादी दुष्काळासाठी तयार झाली, तीच पुरालाही लावली जाते.

अडचण अशी, की परीक्षा शुल्क हा शिक्षणाच्या खर्चातला अगदी छोटा तुकडा आहे. खरा पैसा जातो तो खोलीभाडं, मेस आणि प्रवासावर. शिवाय बऱ्याचदा ही माफी म्हणजे प्रतिपूर्ती असते. आधी विद्यार्थ्यानं शुल्क भरायचं, मग बँक खात्याची माहिती द्यायची आणि पैसे परत येण्याची वाट बघायची. ज्या महिन्यात घरात पैसा नाही, त्या महिन्यात त्याचा उपयोग होत नाही.

घर पाथर्डीत, खोली पुण्यात

आपत्तीनं विस्थापित झालेला विद्यार्थी म्हटलं की निवारा केंद्रात बसलेला मुलगा आठवतो. पाथर्डीसारख्या तालुक्यात हे विस्थापन वेगळ्या पद्धतीनं होतं. पूर येतो गावाकडे, पण विद्यार्थी असतो शहरात. त्याची खोली कोरडी असते, त्याच्याकडे येणारा पैसा मात्र थांबतो. दोन महिन्यांचं भाडं थकलं की तो सामान बांधून गावी परततो. कॉलेजच्या हजेरीपटावर तो फक्त ‘गैरहजर’ दिसतो.

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. शेतातून काही हाती लागलं नाही, तर मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवरच घर चालवायची वेळ येते. आईवडील कारखान्यावर गेले की मागे राहिलेलं घर, म्हातारी माणसं आणि लहान भावंडं कोण सांभाळणार? अनेकदा ती जबाबदारी कॉलेजला जाणाऱ्या मुलीवर येते.

शिष्यवृत्त्या आहेतच. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरता येतात. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. पण या योजना नेहमीच्या गरिबीसाठी आखलेल्या आहेत. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो. या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सगळं वाहून गेलं, हे त्या कागदावर दिसत नाही.

मग विद्यापीठाचं काम काय?

पाथर्डीतली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असतं. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावानं ‘कमवा व शिका’ योजनाही चालते. म्हणजे यंत्रणा आहे. पूर आला की राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक मदतीला पाठवायची सवयही विद्यापीठांना आहे. पण आपल्याच वर्गात पूरग्रस्त घरातलं कोण बसलंय, हे शोधण्याची ठरलेली पद्धत हवी.

वेळापत्रक बदलणं अशक्य नसतं, हे एमपीएससीनं दाखवलं. २८ सप्टेंबर २०२५ ला होणारी राज्यसेवा पूर्व परीक्षा पूरस्थितीमुळे पुढे ढकलून ९ नोव्हेंबरला घेतली. एका परीक्षेसाठी राज्यभराची तारीख बदलू शकते, तर बाधित तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना हजेरीत सूट आणि राहिलेल्या अंतर्गत परीक्षेची दुसरी संधी देणं त्यापेक्षा सोपं आहे.

याआधी कुणी करून दाखवलंय का?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला आणली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. मुलं अर्ज घेऊन येतील याची वाट बघितली गेली नाही, लोक मुलांपर्यंत गेले.

अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं. तिथलं टुलेन विद्यापीठ एक आख्खं सत्र बंद राहिलं आणि जानेवारी २००६ मध्ये पुन्हा उघडलं. मधल्या काळात देशभरातल्या विद्यापीठांनी त्या विद्यार्थ्यांना तात्पुरता प्रवेश दिला. पोरांचं वर्ष वाचलं.

पाथर्डीसाठी एवढ्या मोठ्या हालचालीची गरजही नाही. बाधित गावांची यादी तहसील कार्यालयाकडे असते, विद्यार्थ्यांचे पत्ते कॉलेजकडे असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर कुणाला फोन करायचा हे कळू शकतं. मेसचे चार महिन्यांचे पैसे, फी भरायला हप्ते आणि वसतिगृहात तात्पुरती जागा, एवढ्यावर अनेकांचं वर्ष वाचेल.

विद्यार्थ्यांनी आत्ता काय करावं?

१. घराच्या किंवा शेताच्या पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून मागून घ्या. ती जोडून प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

२. मार्कशीट भिजली किंवा हरवली असेल तर डिजिलॉकर बघा. तिथली कागदपत्रं नियमानुसार मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असतात.

३. परीक्षा शुल्काची पावती जपून ठेवा आणि आधारशी जोडलेलं बँक खातं चालू आहे का ते तपासा.

४. झोप लागत नसेल, अभ्यासात मन लागत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

वाहून गेलेल्या मातीची भरपाई हेक्टरी ठरते. सुटलेल्या सत्राला असा कुठलाच दर नाही. कॉलेज सोडलेला मुलगा बहुतेकदा परत येत नाही, आणि तो पुरामुळे गेला याची नोंदही कुठे होत नाही. म्हणून पुढच्या आपत्तीआधी पंचनाम्याच्या फॉर्मवर एकच ओळ वाढवायला हवी: या घरात शिकणारं कोण आहे, आणि कुठे?