कणसे सोलणाऱ्यांचा संघ

वाचकहो, खेळाच्या संघाला वाघ म्हणावे, गरुड म्हणावे, ही जगाची रीत. पण अमेरिकेत नेब्रास्का नावाचे एक राज्य आहे आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नाव आहे 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे! शंभराहून अधिक वर्षे हे नाव तिथली मंडळी अभिमानाने मिरवीत आहेत. मी या संघाचा दुरूनचा चाहता. आज त्यांच्या 1994 सालच्या हंगामाची हकीकत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "आम्हांला काय त्याचे?" थोडा धीर धरा. गोष्ट शेतकऱ्यांचीच आहे.

आधी खेळ समजून घ्या. आपला फुटबॉल पायाने खेळतात, हा बहुतेक हातानेच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एका बाजूला अकरा गडी. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हाती जातो. शेवटची रेघ ओलांडून चेंडू आत नेला की सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला तर आणखी एक, आणि पुन्हा धावून किंवा झेलून आत नेला तर दोन. चेंडू कोणाकडे द्यायचा, कसा न्यायचा, हे पाहणारा जो म्होरक्या असतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो पडला म्हणजे बैलजोडीचा धुरकरीच पडला म्हणा ना!

आता हे राज्य कसे, तेही पाहा. मका, सोयाबीन आणि गुरे यांच्यावर जगणारे. 1990 च्या शिरगणतीत सारी वस्ती सोळा लाखांच्या आत. धंदेवाईक खेळाडूंचा एकही मोठा संघ या राज्यात नाही. म्हणून जे काही प्रेम आहे ते सगळे लिंकन शहरातल्या या विद्यापीठाच्या संघावर. सामने शनिवारी, सप्टेंबर ते नोव्हेंबर. नेमके तेच दिवस मका काढणीचे. ज्याला जमते तो लाल कपडे घालून मैदानावर जातो, ज्याला जमत नाही तो कापणीच्या यंत्रावर बसून रेडिओ ऐकतो. त्या काळी मैदानात सत्तर हजारांवर माणसे मावत. सामन्याच्या दिवशी ते मैदानच ओमाहा आणि लिंकन यांच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे गाव होऊन बसे.

1980 नंतरची काही वर्षे तिथल्या शेतकऱ्यांना फार वाईट गेली. व्याज चढले, जमिनीचे भाव कोसळले, कर्जापायी कित्येकांची शेते गेली. त्या दिवसांत या संघाचे गुरू होते टॉम ऑस्बोर्न, त्याच राज्यातल्या हेस्टिंग्ज गावचे. 1973 पासून एकही वर्ष असे गेले नाही की त्यांच्या संघाने नवापेक्षा कमी सामने जिंकले. पण अजिंक्यपद काही हाती लागेना. 2 जानेवारी 1984 ला मायामी येथे शेवटचा सामना. अखेरचे मिनिट, 31 विरुद्ध 30. लाथेने एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती आणि अजिंक्यपद बहुधा मिळाले असते. ऑस्बोर्न यांनी बरोबरी नको म्हणून दोन गुणांसाठी डाव टाकला, तो फसला. पुढे 1994 च्या पहिल्या दिवशी पुन्हा तेच. 16 विरुद्ध 18 असे मागे असताना शेवटच्या सेकंदाला मारलेली लाथ खांबाबाहेर गेली. हंगामाअखेरचा मोठा सामना हरण्याची ती ओळीने सातवी वेळ होती.

मग काय केले पोरांनी? त्या सामन्यात 1 मिनिट 16 सेकंद उरले असताना ते पुढे होते. मैदानातल्या गुणफलकावर तेवढीच वेळ लावून ठेवली आणि तिच्याकडे बघत वर्षभर घाम गाळला.

1994 चा हंगाम सुरू झाला. चार सामने सहज जिंकले आणि क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. खेळ बंद. त्याच्या जागी आला ब्रूक बेरिंजर, शेजारच्या कॅन्सस राज्यातल्या गुडलँडचा. त्याचेही फुफ्फुस मार लागून दबले. तेव्हा 15 ऑक्टोबरला कॅन्सस स्टेट संघाविरुद्ध उभा राहिला मॅट टर्मन. हा वाहू नावाच्या लहान गावचा. शिष्यवृत्ती न घेता, स्वतःच्या खर्चाने शिकून संघात आलेला. अशा मुलांना तिकडे 'वॉक-ऑन' म्हणतात, आणि ऑस्बोर्न यांनी खेड्यापाड्यांतली अशी पुष्कळ मुले हाताशी धरली होती. सामना 17 विरुद्ध 6 असा जिंकला. पुढचे सगळे सामने बेरिंजरने सांभाळले. दोन आठवड्यांनी दुसऱ्या क्रमांकावरच्या कोलोरॅडो संघालाही 24 विरुद्ध 7 असे हरवले.

शेवटचा सामना 1 जानेवारी 1995 ला, तोही मायामी संघाशी आणि त्यांच्याच मैदानावर. चौथा डाव सुरू झाला तेव्हा नेब्रास्का 9, मायामी 17. बरा होऊन परतलेला फ्रेझियर पुन्हा आत आला. समोरचे गडी सततच्या रेटारेटीने थकले होते. डंकन नावाच्या चिमुकल्या गावचा कोरी श्लेसिंजर मधोमध घुसून दोनदा रेघ ओलांडून गेला. पहिल्या वेळी ऑस्बोर्न यांनी पुन्हा दोन गुणांचाच डाव टाकला, आणि या खेपेला तो साधला. निकाल 24 विरुद्ध 17. तेरा सामने, तेरा विजय. गुरूंना बाविसाव्या हंगामात पहिले अजिंक्यपद मिळाले.

आता चाहता म्हणून दोन गोष्टी खऱ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की त्या वर्षी पेन स्टेटचा संघही एकही सामना हरला नव्हता. तेव्हा अजिंक्यपद पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरे. दोघांची गाठ मैदानात पडलीच नाही. पेन स्टेटचा चाहता आजही हळहळत असेल तर त्याला चूक म्हणू नये.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. त्या हंगामात सर्वांत जास्त धावलेला लॉरेन्स फिलिप्स याने पुढल्या वर्षी आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली. काही सामने बाहेर ठेवून ऑस्बोर्न यांनी त्याला परत घेतले. आधार तुटला तर पोरगा वाया जाईल, असे त्यांचे म्हणणे. पण त्या मुलीच्या आईबापांना काय वाटले असेल? संघ जिंकत असला की चाहत्याच्या डोळ्यांवर झापड येते. आपल्या बैलाने शेजाऱ्याचे पीक खाल्ले तर तो शर्यतीत पहिला आला म्हणून आपण नुकसान विसरायला सांगू का? नाही ना? मग इथेही तोच न्याय हवा.

बेरिंजरचे सांगायचे राहिले. फ्रेझियर बरा झाल्यावर तो कुरकुर न करता पुन्हा राखीव झाला. एप्रिल 1996 मध्ये तो स्वतः चालवीत असलेले लहान विमान पडून गेला. मैदानाच्या दारात आज ऑस्बोर्न यांचा पुतळा आहे, आणि त्यांच्या शेजारी उभा आहे तो बेरिंजर. लोकांनी कोणाची आठवण जपली ते पाहा.

ऑस्बोर्न 1997 च्या हंगामानंतर निवृत्त झाले. पुढे संघाला उतरती कळा लागली. 2017 ते 2023 अशी ओळीने सात वर्षे जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त. तरीही 1962 च्या नोव्हेंबरपासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत, ती या पडत्या वर्षांतही संपली. एक वर्ष पाऊस दगा देतो म्हणून दुसऱ्या मृगाला कोणी तिफण घरात ठेवीत नाही. त्या लाल सदरेवाल्यांना हे सांगावे लागले नाही, कारण त्यांच्यातले कित्येक शेतीच्या मातीतूनच आलेले.

मंडळी, तुमच्या गावातही कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ असेल. अंतिम सामन्याला सारे गाव लोटते. तुम्ही मात्र एखाद्या साध्या सामन्याला जा, संघ हरत असेल त्या दिवशी जा, आणि कडेला राखीव बसलेल्या पोराला नावाने हाक मारून या. कोण जाणे, पुढच्या सामन्यात त्याच्यावरच वेळ यायची असेल!