पुण्याचं सांडपाणी, पंढरपूरचं स्नान

उजनी धरणाचं पाणी हिरवं पडल्याची बातमी आली की पुण्यात दोन उत्तरं तयार असतात. आमचं सांडपाणी प्रक्रिया होऊन नदीत जातं, हे एक. आणि वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, उजनीपर्यंत काय उरतंय, हे दुसरं. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

वाहत्या पाण्यात प्राणवायू मिसळतो, जिवाणू घाण कुजवतात, बीओडी (म्हणजे घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) उतरतो. कबूल. पण सांडपाण्यातला स्फुरद (फॉस्फरस) काही कुजून हवेत उडून जात नाही. मुळा-मुठेतून तो भीमेत जातो, भीमेतून उजनीत, आणि तिथे पाणी थांबतं. साचलेलं पाणी, वैशाखाचं ऊन आणि आयतं खत. निळ्या-हिरव्या शेवाळाला आणखी काय हवं? तळाचा प्राणवायू संपला की गाळात बसलेला स्फुरदही पुन्हा वर येतो. पिंपरी-चिंचवडचा आणि शेतातल्या खतांचा यात वाटा आहेच, पण वाटेकरी निघाले म्हणून आपला वाटा माफ होत नाही.

राहिलं पहिलं उत्तर. साधं प्रक्रिया केंद्र मुख्यतः बीओडी उतरवतं. नत्र-स्फुरद काढायला वेगळी सोय लागते. ती नसेल तर बाहेर पडणारं पाणी दिसायला नितळ आणि शेवाळाला खुराक.

‘आम्ही पोहतोच की, काय झालं?’ हा तिसरा युक्तिवाद, उजनीत पोहणाऱ्यांचा. काठाला हिरवी साय धरते, त्यात हात बुडवून काढला तर मनगटाला रंग लागतो. ती मायक्रोसिस्टिसची असेल तर तिचं मायक्रोसिस्टिन हे विष यकृताला बाधतं आणि पाणी उकळूनही जात नाही. प्रत्येक साय विषारी नसते, पण कुठली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पोहताना पोरं पाणी गिळतातच.

मग मोजायचं कशाने? स्नानाच्या पाण्याचे आपले सरकारी निकष बीओडी, प्राणवायू, सामू आणि विष्ठेतले जिवाणू पाहतात. शेवाळाच्या विषाला त्यात रकानाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली पोहण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला 24 मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्याकडची गंमत अशी, की भर दुपारी शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की तेव्हा घेतलेला नमुना सरकारी निकषातल्या प्राणवायूच्या कसोटीला पहिल्या वर्गात पास होतो. पहाटे त्याच पाण्यात मासे गुदमरतात.

‘पोहू नका’ अशी पाटी ठोकून हे भागणार नाही. आषाढीला उजनीतून पाणी सोडतात आणि वारकरी पंढरपूरला चंद्रभागेत, म्हणजे याच भीमेत, बुडी मारतात. त्यांना कुठली पाटी दाखवणार? पालख्या पुण्यात मुक्कामी असताना आपण त्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या ठेवतो, आणि आपण वापरून सोडलेलं पाणी पुढे त्यांच्या वाटेला जातं. म्हणून दोन मागण्या. पुण्यातल्या प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला स्फुरद मोजून दर महिन्याला आकडा जाहीर करा. आणि वारीसाठी पाणी सोडण्याआधी त्यातलं शेवाळाचं विष तपासून निकाल पंढरपूरच्या घाटावर मराठीत लावा.