पंप लपवणाऱ्या मुली



किशोरी शिबिरात रात्री नववीतली एक मुलगी सारखी उठून बाहेर जात होती. आम्हाला वाटलं, पाळी आली असेल. मग कळलं, ती संडासात जाऊन दम्याचा पंप घेत होती. चारचौघींत पंप काढायचा नाही, अशी आईची ताकीद होती. उद्या लग्न ठरताना अडचण नको!

आईला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण 'तुझ्या माहेरचं आलंय' हे तीच ऐकत असते.

लहानपणी दमा मुलग्यांत जास्त आढळतो, वयात आल्यावर मुलींत. म्हणजे मुलीच्या शरीरावर घराचा पहारा बसतो, नेमका त्याच वयात. काहींना पाळीच्या आधी त्रास वाढतो, पण दवाखान्यात वडील सोबत असले तर ते बोलणार कसं? झाडलोट, पाखडणं मुलीकडेच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून कितीतरी घरांत चूल पेटतेच. धुरापाशी बसणार तीच, आणि धाप लागली की 'कामाचा कंटाळा, नाटकं करते' हेही तिलाच. भावाचा दमा मात्र आजार असतो.

मध्यरात्री श्वास कोंडतो तेव्हा मरणाची भीती वाटते. भीतीनं छाती आणखी आवळते. दमा असलेल्या किशोरवयीनांत चिंता आणि उदासी इतरांपेक्षा अधिक दिसते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्यात लपवाछपवीची भर आपण घालतो. खेळ बंद, सहल बंद, हेही काळजीच्या नावाखाली. खरं तर दमा आटोक्यात असेल तर मुलगी कबड्डीही खेळू शकते.

पंपाची सवय लागते, हा समज खोटा आहे. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा फार थोडं पुरतं. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप मनानं सोडला, तर दमा पुन्हा उसळतो. लपवणाऱ्या मुलीचे डोस असेच चुकतात.

पुढच्या शिबिराच्या अर्जात आजाराचा रकाना घालावा, असं आमचं ठरत होतं. ती मुलगी म्हणाली, "ताई, अर्ज बाबा भरतात. तिथं कोण लिहील?" मग तिनंच सुचवलं, की पहिल्या रात्री ताईंनी आपापल्या गोळ्या, पंप सगळ्यांसमोर उशाशी काढून ठेवावेत. आमच्यातल्या दोघी रक्तदाबाच्या गोळ्या आजवर पर्सच्या तळाशी ठेवत होत्या.