ताट घरून आणायचं, पण सगळ्यांनीच

आश्विन पौर्णिमा जवळ आली की वस्तीत वर्षावास समारोपाच्या जेवणाची बोलणी सुरू होतात. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ऐकणारी मंडळी त्या दिवशी एकत्र जेवतात. औशाच्या वस्त्यांमध्ये हे जेवण सगळ्यांच्या हातभारानेच होतं. कुणी तांदूळ देतं, कुणी डाळ, कुणी चूल सांभाळतं. तेव्हा ‘येताना काय आणायचं’ हे कुणीतरी सांगावंच लागतं. सांगणाऱ्याने ते कसं सांगावं, याबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण त्यात आमच्याच हातून एकदा चूक झाली.

एका वस्तीत समारोपाच्या आधी आम्हीच समितीला सुचवलं की ताट आणि पेला प्रत्येकाने घरून आणावा. पोरांनी विहाराच्या फळ्यावर लिहिलं, ‘जेवायला येताना ताट आणावे.’ दुसऱ्या दिवशी सत्तरीच्या एक आजी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “सिस्टर, लहानपणी गावातल्या लग्नाला आम्ही जर्मनचं ताट घेऊनच जायचो. सगळं गाव जेवून उठलं की लांब बसायचो. वरून वाढायचे. आता आपल्या विहारात बी ताट घेऊनच यायचं का?”

आजी त्या दिवशी जेवायला आल्या नाहीत.

आमचा हेतू आरोग्याचा होता, आणि तो आजही बरोबर वाटतो. दोन-तीनशे माणसं जेवायची म्हणजे पंगतीमागून पंगत उठते. पहिल्या पंगतीची ताटं एकाच टपात बुचकळून दुसऱ्या पंगतीला मांडली जातात. तिसऱ्या पंगतीपर्यंत त्या पाण्यावर तेलाची साय आलेली असते. जेवणाऱ्यांत एखाद्याला हगवण असेल, तर ती पोराबाळांपर्यंत जायला ते पाणी पुरेसं आहे. वाहत्या पाण्यात साबणाने दोनशे ताटं धुवा, असं लिहिणं सोपं आहे. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो हा लातूर जिल्हा. थर्माकोलच्या पत्रावळ्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि गरम वरणासाठी त्या कधीच योग्य नव्हत्या. राहतं घरचं ताट. आपलं आपण घासलेलं, आपण जेवलेलं, आपणच परत नेलेलं.

पण ताट ही आपल्यासाठी नुसती भांड्याची गोष्ट नाही. बाबासाहेबांना शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि संध्याकाळी ते परत आणावं लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. वर्गातल्या इतर पोरांना असं काही आणायला सांगितलेलं नव्हतं. सगळा अपमान त्यातच आहे. वस्तू तीच असते; ती फक्त तुम्हालाच आणायला सांगितली की तिचा अर्थ बदलतो. आजही गावच्या एखाद्या जेवणात आपल्याच वस्तीला ताट आणायचा निरोप आला, तर खुशाल घरी जेवावं आणि तो निरोप कुणी दिला त्याचं नाव लिहून ठेवावं. घटनेचं १७ वं कलम त्यासाठीच आहे.

आपल्या संघातही प्रत्येक भिक्खू आपलं पात्र स्वतः बाळगतो. मात्र विनयाने पात्र दोनच प्रकारचं ठरवून दिलं, लोखंडाचं किंवा मातीचं. सोन्या-चांदीचं चालत नाही. शाक्य राजपुत्र संघात आले आणि त्यांचा न्हावी उपालीही आला. दोघांच्या हातात सारखंच पात्र. आम्ही हे आजींना आधी सांगायला हवं होतं. आम्ही मात्र जंतूंवर व्याख्यान दिलं.

म्हणून समित्यांना आमचं म्हणणं असं. ताट आणायचं तर अध्यक्षांनी, प्रमुख पाहुण्यांनी आणि वर्गणी जास्त देणाऱ्यांनीही आणावं, आणि सगळ्यांच्या देखत त्यातच जेवावं. पाहुण्यांसाठी काचेच्या ताटल्या आणि वस्तीसाठी ‘घरून आणा’, असं असेल तर आजींचंच बरोबर. दहा-पंधरा धुतलेली ताटं दाराशी ठेवावीत, विसरलेल्याला कारण विचारू नये.

पदार्थांचंही तेच. अलीकडे काही ठिकाणी घरागणिक पदार्थ नेमून देतात, तुमच्याकडून पनीर, तुमच्याकडून गुलाबजाम. रोजंदारीवर जाणारी बाई ते उसनवारी करून आणते किंवा तब्येतीचं निमित्त सांगून घरी बसते. अशी बाई आम्ही पाहिली आहे. तिला बरं नव्हतं हे खोटं होतं. आजारी नसताना तूप, लोणी, मध, दूध, दही मागून खाऊ नये, हा भिक्खूंनाही नियम आहे. आजाऱ्याला मात्र मागायची मुभा आहे. तेव्हा किती माणसं येणार तेवढं सांगा. पदार्थ ज्याचा त्याला ठरवू द्या, भाकरी आणि ठेचा आला तरी. एकच अट घाला, जे आणाल ते त्याच दिवशी केलेलं असावं आणि भात दोन तासांहून जास्त उघड्यावर नसावा. साखरेच्या आजाऱ्यासाठी काही वेगळं हवं असेल, तर त्याने मोकळेपणी सांगावं.

यंदाही ताटाचा निरोप जाणार आहे. आजींकडे तो द्यायला आम्ही स्वतः जाऊ, आमचं ताट सोबत घेऊन.