पोट बिघडलं, तरी इन्शुलिन बंद नाही!



जुलाब-उलट्यांची साथ शाळेत शिरली की काय होतं ठाऊक आहे ना? सोमवारी एका बाकावरचा मुलगा गैरहजर आणि गुरुवारी निम्मा वर्ग रिकामा! १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका प्राथमिक शाळेत असंच झालं. पुढे १९७२ साली शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला. त्या गावावरूनच त्याचं नाव पडलं, नॉरोव्हायरस.

एरवी हा आगंतुक पाहुणा दोन-तीन दिवसांत गाशा गुंडाळतो. पण तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला टाइप १ मधुमेह असेल, तर मात्र जरा जास्त सावध राहायला हवं. हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही आणि शेजारी बसल्याने लागत तर मुळीच नाही, बरं का! यात शरीराची संरक्षक फौजच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. म्हणून इन्शुलिन बाहेरून घ्यावं लागतं.

पोट बिघडलं की रक्तातल्या साखरेची रस्सीखेच सुरू होते. खाल्लेलं पोटात ठरत नाही, म्हणून साखर उतरते. उलट, आजाराशी झुंजताना शरीर जी संप्रेरकं सोडतं, त्यांनी साखर चढते. कोण जिंकतंय ते नुसतं तोंडाकडे बघून कळत नाही. त्यासाठी दर दोन ते चार तासांनी, रात्रीसुद्धा, साखर तपासायची. बोट टोचण्याआधी हात धुवा हं! बोटाला सरबत लागलेलं असेल तर आकडा खोटाच यायचा.

अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आज पोरानं घासही खाल्ला नाही, मग इंजेक्शन कशाला?" हीच खरी धोक्याची जागा! आपण उपाशी असलो तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. ती पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं. ते मिळालं नाही, तर शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन नावाची आम्लं साठतात. गंमत पाहा, कीटोन वाढले की त्यांनीसुद्धा उलट्या होतात! मग उलटी विषाणूची की कीटोनची, हे ओळखणार कसं? कीटोन तपासूनच. त्यासाठी लघवीत बुडवायच्या किंवा रक्त तपासायच्या पट्ट्या मिळतात. साखर कमी असतानाही कीटोन असू शकतात, म्हणून दोन्ही तपासायचं. इन्शुलिनचा डोस कधी कमी करावा लागतो, कधी वाढवावा लागतो. ते डॉक्टरांना फोन करून ठरवायचं. पण इन्शुलिन पूर्ण बंद मात्र कधीच करायचं नाही.

"ओआरएसमध्ये तर साखर असते. मग मधुमेह असताना चालेल का?" असं तुम्ही विचाराल. चालेल, चालेल! एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पेलाभर पाण्यात तीन ग्रॅमही नाही. हे ग्लुकोज मिठाचा हात धरून त्याला आतड्यातून रक्तात नेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. एका दमात गटागट पिऊ नका, चमच्या-चमच्याने घ्या. साखर ७० च्या खाली गेली, तर ग्लुकोजचं किंवा साखरेचं पाणी घोट-घोट प्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

आईबाबांनो, पुढची लक्षणं दिसली तर घरी वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा:

• उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात ठरत नाही
• कीटोन वाढतच चाललेत
• श्वास खोल आणि भरभर चालतोय, तोंडाला फळांसारखा वास येतोय
• पोटात खूप दुखतंय, मूल गुंगीत आहे
• उपाय करूनही साखर ७० च्या वर येत नाही

गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काही घालू नका. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता बाकीच्या दोस्तांचं काम. नॉरोव्हायरसपुढे सॅनिटायझरची मात्रा फारशी चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं! शौचानंतर आणि जेवणाआधी हात खसखसून धुवा. आजारी माणसाचा टॉवेल वेगळा ठेवा. तुम्हालाच साथ लागली, तर जुलाब-उलट्या थांबल्यावरही दोन दिवस घरीच राहा. तुमचा बुडालेला अभ्यास भरून निघेल हो, पण तुमचा विषाणू मधुमेह असलेल्या मित्राला रुग्णालयात पोचवू शकतो.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर आजच एक काम करा. एका कागदावर डॉक्टरांचा फोन नंबर ठळक लिहा. कीटोनच्या पट्ट्या, ओआरएसची पाकिटं आणि ग्लुकोज एका डब्यात भरा आणि तो कागद डब्याच्या झाकणावर चिकटवा. साथ सांगून येत नाही, पण आपण तर तयार राहू शकतो ना?